दस्तगीर वस्तादांचा माज

"पण मी का द्यायचा, वस्ताद? त्याचा ॲक्सल तुटला, तो काय मी तोडला?"

उद्यमनगरातल्या आपल्या गॅरेजमध्ये, पाट मांडून, एक पाय लांब करून दस्तगीर वस्ताद बसले होते. पुढ्यातल्या काळ्याकुट्ट भांड्यात घासलेट होतं आणि ते त्यात नट-बोल्ट धूत होते.

इंद्रजित मगदूम त्यांच्यासमोर उभा होता. रविवार होता. आजूबाजूची सगळी दुकानं बंद. दुपारी माळावर मोटारींची शर्यत होती.

"तुम्ही 'नको' म्हणा, वस्ताद. एवढंच म्हणा. मी त्याला सांगतो, वस्ताद नको म्हणाले."

वस्तादांनी एक बोल्ट उचलून उजेडात धरला.

"कुठं हाय त्यो?"

"बाहेर. रस्त्यापलीकडं."

रस्त्यापलीकडे बेळगावचा परशुराम अष्टेकर आपल्या गाडीला टेकून उभा होता. काल सरावात वळणावर त्याचा मागचा ॲक्सल तुटला होता. दुसऱ्याच्या गाडीमागे दोर बांधून त्यानं आपली गाडी इथवर ओढत आणली होती. दोघांच्या गाड्या एकाच बनावटीच्या आणि इंद्रजितकडे जादा ॲक्सल आहे, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं सरळ येऊन मागितला होता. आढेवेढे नाहीत, गयावया नाही.

आणि इंद्रजितनं, आपल्याकडे सगळेच सांगतात तसं सांगितलं होतं, "थोरल्यांना विचारून सांगतो."

माळावरची ही शर्यत रोजच्या गाड्यांची. जी गाडी बाजारात जाते, लग्नाला जाते, तीच इथे पळवायची. मागची सीट काढायची, दारं काथ्याच्या दोरानं बांधायची, दारावर चुन्यानं नंबर लिहायचा, झालं. गोल गोल धुळीतून पळायचं. या शर्यतीची ढाल गेली दोन वर्षं बेळगावात होती. अष्टेकरानं नेली होती. गेल्या वर्षी तर इंद्रजितच्या पुढे तो बॉनेटभरच होता.

कोल्हापूरकरांना ते बॉनेट झोपेत दिसायचं.

आज अष्टेकर पळाला नाही, तर ढाल घरी येणार होती. इंद्रजितला रोखणारं दुसरं कुणी नव्हतं. ढोल-ताशेवाल्यांना निरोपसुद्धा गेला होता.

"त्यातनं तो ॲक्सल तुमच्या हातचा," इंद्रजित म्हणाला. "तुम्ही स्वतः भट्टीत तापवून त्याला पाणी दिलंय. माझाच तुटला तर मी काय लावू?"

"तुटंल?"

"...तुमच्या हातचा नाही तुटायचा."

"मग?"

इंद्रजितची नजर वर गेली. वस्तादांच्या डोक्यावर भिंतभर फळी होती. फळीवर ढाली आणि कप. ते वस्ताद दर शुक्रवारी स्वतः पुसत. दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत.

त्या फळीवर त्यांचं सगळं आयुष्य मांडलेलं होतं. दस्तगीर मुल्लाणी म्हणजे कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचा टॅक्सीवाला. शर्यत म्हणजे काय हे इकडे कुणाला माहीत नव्हतं, तेव्हा त्यांनी आपली टॅक्सी माळावर पळवली. सकाळी सीट काढली, दुपारी जिंकले, संध्याकाळी सीट बसवून पॅसेंजर भरले. एकदा जिंकल्यावर तशीच गाडी नवरीला न्यायला लावायची होती. ते ओल्या फडक्यानं दारावरचा नंबर पुसायला लागले, तर नवरीचा बाप आडवा आला.

"ऱ्हाऊ द्या नंबर," तो म्हणाला. "माझी पोरगी जिंकलेल्या गाडीतनं सासरी जाऊ दे!"

पुढे ते पुण्याला गेले, मद्रासला गेले. तिथे साहेब लोकांच्या विलायती गाड्या पुढच्या रांगेत आणि ही टॅक्सी सगळ्यांच्या मागे उभी करायचे. शर्यत संपायची तेव्हा रांग उलटी झालेली असायची. शेवटी एका वळणावर गाडी उलटली आणि गुडघा कायमचा ताठ झाला. त्या दिवसापासून ते वस्ताद झाले. पैलवानाला तालमीत शिकवावं तशी त्यांनी पोरं तयार केली. त्यातला सगळ्यात तयारीचा गडी म्हणजे हा इंद्रजित.

"इंद्रा," वस्ताद म्हणाले.

"जी."

"हे भांडं रिकामं कर. आन् राखेनं घास."

"आत्ता?"

"मग काय शर्यत झाल्यावर?"

इंद्रजितनं बोल्ट परातीत ओतले, घासलेट डब्यात परत टाकलं आणि चिंधीवर राख घेऊन भांडं घासायला बसला. मनातून धुमसत होता. बाहेर बेळगावचा गडी उभा आहे, दुपार होत आली आणि म्हातारा भांडी घासायला लावतोय...

काळा थर निघाला. खाली पिवळं दिसलं. कडेला दोन खुणा होत्या, कान तुटल्यासारख्या. त्यानं जोर लावला. अक्षरं उमटली.

'पहिला क्रमांक.'

खाली वस्तादांचं नाव.

"वस्ताद... हा कप हाय?"

"मग काय तांब्या हाय व्हय?"

"आणि ह्यात आपण बोल्ट धुतो?"

"त्याच लायकीचा हाय त्यो."

इंद्रजितनं फळीकडे पाहिलं, हातातल्या कपाकडे पाहिलं. या गॅरेजात तो मिसरूड फुटायच्या आधीपासून येत होता. हे भांडं त्यानं किती वेळा लाथेनं सरकवलं असेल!

"ह्या साली कुणाला हरवलं होतं?"

वस्तादांनी आपला तळवा उघडून दाखवला. तेलानं काळा, रेघारेघांचा. रिकामा.

"म्हणजे?"

"मिरजेचा रुस्तुम यायचा हुता. त्याची गाडी बिघडली. आला न्हाई."

"बाकीच्या गाड्या असतील की."

"गाड्या लई हुत्या. गडी नव्हता."

...

बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. इंद्रजितच्या हाताला राख आणि घासलेटाचा वास येत होता.

"वस्ताद, दोन सालं ढाल बेळगावात हाय. मी ॲक्सल दिला आणि पुन्हा हरलो, तर गाव माझ्या तोंडात शेण घालंल. उपकार करायला मी काय संत हाय?"

"उपकार?" वस्ताद एकदम खवळले. "उपकाराचं नाव काढलं कुणी? माझं तोंड काय उपकार करणाऱ्याचं दिसतंय व्हय रं तुला?"

"मग काय म्हणायचं ह्याला?"

"माज."

इंद्रजितनं कपावरून मान वर केली.

"समदं गाव म्हणतंय, मगदुमाच्या पोराला माज लई," वस्ताद म्हणाले. "तुझा बा सुद्धा माझ्याकडं येऊन म्हणाला, जरा उतरवा त्याचा. मी न्हाई म्हणलं."

"का?"

"उतरवायला असावा लागतो. तुझा माज कमी पडतोय, इंद्रा."

शाळेत मास्तरांनी, घरी वडिलांनी, तालमीत थोरल्यांनी, सगळ्यांनी त्याला एकच सांगितलं होतं: मान खाली घाल. कमी पडतो, असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

त्यानं कप खाली ठेवला. कोपऱ्यातल्या खाटेखालून गोणपाटात गुंडाळलेला ॲक्सल ओढून काढला, खांद्यावर टाकला आणि वस्तादांना न विचारता रस्ता ओलांडला.

अष्टेकर टेकलेला होता तो सरळ झाला.

"दिला वस्तादांनी?"

"वस्तादांनी नाही. मी देतोय."

अष्टेकरानं गोणपाट उलगडलं. ॲक्सलवरून अंगठा फिरवला. माल कसा आहे हे त्याच्या अंगठ्याला लगेच कळलं.

"मगदूम, हे मी कसं फेडू?"

"फेडू नका. पळा. आणि हरलात तर कारण सांगू नका. आज कारण चालायचं नाही."

अष्टेकर दात काढून हसला. "धूळ खायची तयारी ठेवा मग!"

"बघू की. जॅक लावा आधी."

दोघं गाडीखाली शिरले. चार पाय तेवढे रस्त्यावर दिसत होते. आतून कधी शिव्या ऐकू येत होत्या, कधी हसणं. एकदा अष्टेकर म्हणाला, "गेल्या साली शेवटच्या वळणावर तुम्ही गाडी आत घातली असती, तर मी गेलो होतो." त्यावर इंद्रजितचा पाना थोडा वेळ थांबला.

चाक बसलं. अष्टेकरानं गाडी चालू केली, रस्त्यावर पुढे नेली, मागे आणली आणि हात वर करून माळाकडे निघाला.

इंद्रजित गॅरेजात परतला तेव्हा वस्ताद पाटावर नव्हते. आतल्या खोलीत, खुंटीला टांगलेल्या आरशापुढे उभे होते. पेटीतून काढलेला लालभडक फेटा बांधत होते. गुडघा ताठ होता, पण पीळ एकही सैल नव्हता.

इंद्रजित दारात थांबला. अंगभर ग्रीस, केसांत माती.

"वस्ताद... हरलो तर?"

वस्तादांनी फेट्याचा तुरा उभा केला. आरशात एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून. मग काठी घेतली.

"कुठं निघालात?"

"माळावर."

इंद्रजितला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पाय मोडल्यापासून वस्तादांनी माळाचं तोंड पाहिलं नव्हतं. पोरांना शिकवायचे, गाड्या तयार करून द्यायचे, पण शर्यतीच्या दिवशी दार लावून घरी बसायचे. आमदारानं गाडी पाठवली तरी गेले नव्हते.

"पण वस्ताद, मी दर साली शर्यतीला बोलवायला येतो. तुम्ही कधी आला न्हाई..."

वस्ताद त्याच्या खांद्याचा आधार घेऊन उंबरा उतरले. फेटा उन्हात पेटल्यासारखा दिसत होता.

"दर साली तुम्ही ढालीसाठी पळायचा. ती शर्यत कुठं हुती, लेका?"