पुढच्या चाकांची घाई

माझं शिक्षण लवकर सुटलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील आणि शब्दही साधेच येतील. वाचकांनी सांभाळून घ्यावं. गोष्ट मात्र नीट सांगायचा प्रयत्न करतो.

पूर्वी एक वस्ताद घाटमाथ्यावर गाड्या दुरुस्त करीत असत. कोकणात उतरणारा रस्ता त्यांच्या गॅरेजासमोरूनच जाई, म्हणून ब्रेकच्या कामात ते फार कडक होते. ब्रेकला हात लावण्याआधी गाडी मागच्या ओस पडलेल्या डांबरी रस्त्यावर पळवायची, ठरलेल्या बाभळीपाशी ब्रेक दाबायचा आणि गाडी थांबेल तिथं चुन्याची रेघ मारायची. काम झाल्यावर गाडी त्या रेघेच्या अलीकडे थांबलीच पाहिजे. शिवाय ज्यानं ब्रेकचं काम केलं, त्यानंच गिऱ्हाइकाला बसवून पहिल्यांदा घाट उतरायचा, हा तिथला रिवाज होता.

त्यांचा संग्राम नावाचा एक शिष्य होता. हात चपळ, बोलणं कमी. ब्रेकचं पूर्ण काम त्याच्याकडे प्रथमच आलं होतं. एका गुळाच्या व्यापाऱ्यानं आपल्या जुन्या, जड गाडीच्या पुढच्या चाकांसाठी मोठ्या डिस्क आणि घट्ट पकडीचे पॅड आणून दिले होते.

"उद्या सकाळी आईला खाली न्यायचंय," व्यापारी म्हणाला. "मावशीचं काही खरं नाही. दिवस पुढं ढकलता येणार नाही बघ."

संग्रामनं जुन्या ब्रेकची रेघ मारून घेतली आणि जीव लावून काम केलं. दुपारी गाडी पळवली, बाभळीपाशी ब्रेक दाबला. पुढची चाकं किंचाळली, गाडीनं नाक खाली घातलं, आणि घसरत घसरत ती चुन्याच्या रेघेपलीकडे जाऊन थांबली.

नवे ब्रेक जुन्यांपेक्षा वाईट निघाले होते.

त्यानं ब्रेकच्या नळीतली हवा काढली, पुन्हा पळवली. पुन्हा तेच. पॅड घासून त्यांची पकड आणखी वाढवली, तर गाडी आणखी पुढे गेली. शेजारी काम करणारे यासीनभाई पाना खाली ठेवून बघत राहिले.

"संग्राम, ब्रेक बसवलास का दुसरं इंजिन?"

संग्राम हसला नाही. उद्या याच गाडीत एक म्हातारी बाई बसणार आणि स्टिअरिंगवर आपण असणार, एवढंच त्याला दिसत होतं. शेवटी तो वस्तादांकडे गेला. "वस्ताद, माझं कुठं चुकतंय कळंना."

वस्ताद उठले. रस्त्यावर पुढच्या टायरांचे दोन काळे पट्टे उमटले होते, ते त्यांनी वाकून पाहिले. पुढच्या चाकांपाशी ते थांबलेच नाहीत. मागच्या चाकाच्या ड्रमवर तळवा ठेवला, क्षणभर तसाच ठेवून काढून घेतला. मग म्हणाले, "पुढचे पॅड काढ. कपाटात कमी पकडीचे आहेत, ते बसव. आणि मागचे ब्रेक उघडून ड्रमला आतून घासणारे शू सेट कर, बरेच ढिले आहेत."

संग्रामला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. बाकावर थांबलेल्या व्यापाऱ्याला तर राहवलंच नाही. "वस्ताद, मी भारी माल आणून दिला आणि तुम्ही हलका बसवताय?"

"बसा शेट. चहा घ्या."

संग्रामनं सांगितलं तसं केलं, पण मनातून तो धास्तावला होता. पकड वाढवून गाडी थांबेना, ती कमी करून कशी थांबणार?

उन्हं कलायला लागली तेव्हा त्यानं पुन्हा गाडी पळवली. बाभळीपाशी पाय दाबला. या वेळी नाक खाली गेलं नाही, टायर ओरडले नाहीत. कुणीतरी मागून पदर धरावा तशी गाडी सबंध अंगानं खाली बसली आणि रेघेच्या कितीतरी अलीकडे उभी राहिली. त्याचा विश्वास बसेना. पोती भरून पळवली, तरीही तेच. यासीनभाईंनी टाळी वाजवली आणि व्यापारी कपातला चहा विसरून रस्त्याकडे बघत राहिला.

संग्राम खाली उतरला. "वस्ताद, हे कसं झालं?"

"गाडी चार चाकांवर थांबते. पुढच्यांवर भार जास्त, हे खरं. पण तुझ्या पुढच्या चाकांना एवढी घाई, की पाय टेकताच ती अडकायची. अडकलेलं चाक फिरत नाही, नुसतं घसरतं. मागच्यांना जोर पोचायच्या आतच सगळं संपायचं. म्हणून ड्रम थंड होता. जुने ब्रेक दुबळे होते, म्हणून शेट पाय दाबून धरायचे आणि त्यातला थोडा जोर मागंही जायचा. तू बळ वाढवलंस आणि अर्ध्या गाडीला कामावरून काढलंस."

"मग बळ वाढवणं वाईट का?"

"वाईट कसं? मोठ्या डिस्क तशाच आहेत की. घाटात तापल्या तरी त्या तग धरतील, ते त्यांचं काम. पण बळकटानं बाकीच्यांना हात लावायला जागा ठेवावी. मग त्याचंही बळ कामी येतं."

संग्राम मागच्या चाकापाशी गेला आणि ड्रमवर तळवा ठेवला. ड्रम गरम होता. त्याला एवढं बरं वाटलं की हात भाजला तरी त्यानं तो पटकन काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रामनं व्यापाऱ्याला आणि त्याच्या आईला बसवून घाट उतरायला घेतला. धुकं होतं. अवघड वळण घेतो न घेतो तोच समोर रस्त्याच्या मधोमध एक गवा उभा. संग्रामनं ब्रेक दाबला. गाडी तसूभरही बाजूला न सरकता आपल्या रेषेत थांबली. गव्यानं सावकाश मान वळवली, पाहिलं आणि तो रानात शिरला.

"अगं बाई, केवढं जनावर," म्हातारी कौतुकानं म्हणाली, आणि खाली कोकणातली मावशी बरी असेल का यावर मायलेकांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. ब्रेकबद्दल कुणी अक्षरही काढलं नाही. संग्रामनं गिअर टाकला आणि छाती भरून श्वास घेऊन गाडी पुढच्या उताराला लावली.