मुकीची तहान

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणावी, तर हिच्यात बॅटरीवर चालणारी गाडी आहे. कालपरवाची म्हणावी, तर हिच्यात उंट बोलतो. तेव्हा कधीची ते विचारू नका, पोरांनो. आणि पोरांच्या आजोबांनो, तुम्हीही नका. घडली एवढं मात्र खरं.

एक होता वाळूचा मुलूख. एक घर दिसलं, की दुसरं दीड-दोन कोस लांब. त्या मुलखात एक रीत होती. वाटसरू दारात आला, की घरच्यानं आपणहून पाण्याचा तांब्या पुढे करायचा. वाटसरूनं मागायचं नाही. मागितलं, तर त्याचा अर्थ ‘माझा सुकलेला घसा तुम्हाला दिसला नाही’ असा व्हायचा, आणि घरच्यांची मान खाली जायची. रीत चांगलीच होती हो, नावं ठेवण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

तिथं धापूबाई नावाची सुईण राहायची. नाव धापू, पण ‘दमले बाई’ असं तिच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. बारा वाड्यांतली लेकरं तिच्या हातावर जन्मलेली. पुढे तिचे गुडघे बोलू लागले, तेव्हा त्या बारा वाड्यांनी मिळून तिला बॅटरीची दुचाकी घेऊन दिली. ही गाडी ना फटफट करायची, ना धूर सोडायची, म्हणून धापूबाईनं तिचं नाव ठेवलं मुकी. मुकीच्या हँडलवर चार हिरवे ठिपके होते. पोट भरलेलं असलं की चारही पेटायचे, आणि रिकामं होत गेलं की एकेक विझायचा.

एके दिवशी सकाळी दूधवाला धावतपळत निरोप घेऊन आला. “धापूबाई, तुमच्या केसरला कळा सुटल्यात. बाळ पायाळू आहे म्हणतात. लवकर निघा!”

केसर म्हणजे धापूबाईची एकुलती एक लेक. आठ कोसांवर दिलेली, पहिलटकरीण. पायाळू बाळ सुखरूप सोडवावं ते धापूबाईनंच. बाकी कुणाला ते जमायचं नाही. मुकी नुकतीच दुसऱ्या बाळंतपणाहून आली होती आणि दोनच ठिपके उरले होते. पण आईचं काळीज ते! कुठलं थांबतंय? धापूबाईनं चार्जर पिशवीत टाकला आणि निघाली.

वाळूत गाडीचं चाक रुततं, आणि रुतलं की बॅटरी दुप्पट खाते. पहिलं घर आलं घोंगड्या विणणाऱ्याचं. तो लगबगीनं बाहेर आला. “या या, धापूबाई! अहो, चेहरा काय झालाय उन्हानं!” त्यानं पाणी दिलं, वर वाटीभर ताक दिलं. छपरावर त्याचं सोलर लखलखत होतं. धापूबाईनं एकदा तिकडे पाहिलं, एकदा मुकीकडे पाहिलं.

“आणखी काही हवं का?” त्यानं विचारलं.

“छे छे, दादा. सगळं आहे.”

दुसरं घर एकट्या म्हातारीचं. तिथं पोचेपर्यंत एकच ठिपका उरला होता, तोही मिणमिणता. म्हातारीनं पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, पदरानं धापूबाईचं तोंड पुसलं. हिच्याही छपरावर सोलर होतं. शब्द धापूबाईच्या ओठांपर्यंत आला आणि तिनं तो गुळाबरोबर गिळून टाकला. आता काय म्हणावं या बाईला!

अर्धा कोस गेली असेल नसेल, शेवटचा ठिपका विझला. मुकी टेकडीच्या उतारावर उभी राहिली ती राहिलीच. धापूबाईनं पायडल मारून पाहिलं, ढकलून पाहिलं. केसरचं गाव अजून चार कोस पुढे. ती मटकन वाळूत बसली आणि तिला रडू फुटलं.

शेजारी शमीच्या सावलीत एक म्हातारा उंट रवंथ करत बसला होता. “काय बाई,” तो म्हणाला, “गाडी बसली वाटतं?”

“उपाशी आहे रे बिचारी. आणि तिकडे माझी लेक बाळंतपणात अडलीय.”

“मग दोन घरं ओलांडून आलीस, ती काय डोळे मिटून?”

“मी कशी मागणार? आपल्यात मागतात का? त्यांनी आपणहून विचारायचं असतं.”

“विचारलं नाही?”

“‘आणखी काही हवं का’ विचारलं. विजेचं नाही विचारलं.”

“अगं शहाणे,” उंट म्हणाला, “तुझा सुकलेला घसा त्यांना दिसला. या मुकीचा घसा त्यांना कुठून दिसणार? मला बघ. तहान लागली, की मी अख्खी वाडी डोक्यावर घेतो. लोक मला कुरकुऱ्या म्हणतात. म्हणोत बापडे! तीस उन्हाळे काढलेत मी या वाळूत. माझे पाय गेले नसते, तर तुला पाठीवर घेऊन गेलो असतो. पण तिकडे लेक अडलीय आणि तू इथं रीत सांभाळत बसलीस होय?”

धापूबाई ताडकन उठली. मुकीची बॅटरी तिनं सोडवली, पाण्याच्या घागरीसारखी डोक्यावर घेतली आणि अर्धा कोस उलटी चालली. म्हातारीच्या दारात पोचली आणि बॅटरी उंबऱ्यावर ठेवली. जन्मात पहिल्यांदा तिनं तोंड उघडून मागितलं. “मावशी, मला हवंय. माझ्या गाडीला वीज हवीय. माझी पोर अडलीय.”

म्हातारीनं कपाळावर हात मारला. “अगं माझे बाई, मघाशीच का नाही बोललीस? मला काय स्वप्न पडणार आहे, तुझी गाडी भुकेली आहे म्हणून!” तिनं आपल्या पंख्याची पिन ओढून काढली आणि चार्जर लावला. सूर्य माथ्यावर तळपत होता. तासाभरात दोन ठिपके उजळले. तेवढा वेळ म्हातारी घामानं निथळत होती आणि सूप घेऊन धापूबाईलाच वारा घालत होती.

बॅटरी परत नेऊन मुकीत बसवली आणि धापूबाई लेकीच्या गावी पोचली, तेव्हा केसरचा चेहरा पांढराफटक पडला होता. विहीणबाई दारात रडत उभ्या होत्या. धापूबाईनं हात धुतले, लेकीच्या केसांवरून फिरवले आणि विचारलं, “कळा कधीपासून येतायत गं?”

“काल दुपारपासून,” केसर पुटपुटली.

“काल दुपारपासून! आणि निरोप आज सकाळी? सासूबाईंना का नाही सांगितलंस?”

केसरनं डोळे मिटले. “तूच तर शिकवलंस ना, आई. आपण मागायचं नाही. ज्याला दिसायचं त्याला दिसतं.”

धापूबाईला भडभडून आलं. पण रडायला वेळ कुठला होता! आधी बाळाचे पाय आले, मग कंबर, मग खांदे. ती हळूहळू, धीर देत, लेकीला सांगत होती, “ओरड, माझ्या राणी. दुखतंय ना? मग मोठ्यानं ओरड. सगळ्या गावाला कळू दे.” केसर आधी कण्हली, मग ओरडली. विहीणबाई धावत आत आल्या आणि तिला छातीशी धरून बसल्या. दिवस कलता कलता डोकं सुटलं. बाळ, बाळंतीण दोघंही सुखरूप.

आणि बाळानं टाहो फोडला! असला टाहो, की शेजारपाजारची माणसं दारात जमली. विहीणबाई घाबरून त्याला थोपटू लागल्या. “उगी, उगी रे.”

“उगी म्हणू नका हो,” धापूबाई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. “भूक लागलीय त्याला. मागू दे.”

तेव्हापासून त्या मुलखात पाण्याचा तांब्या पुढे करताना लोक आणखी एक प्रश्न विचारू लागले: “आणि न दिसणारं काही?” वाटसरूंनाही त्याचं उत्तर देण्याची हळूहळू सवय झाली.

बोध एवढाच: देणाऱ्याचे हात कितीही मोठे असले, तरी आपली तहान आपल्याच तोंडानं सांगावी लागते.