कोणते काळे?

"खरं सांगा बाबा, ही बाई काम शोधते तरी का, की नुसती सोंगं करते?"

विचारणारा होता निळकंठ काळे, बेकारभत्त्याच्या कचेरीतला तपासनीस. भत्ता घेऊन जो काम शोधत नाही, त्याचं नाव यादीतून उडवायचं, हे त्याचं काम. आज पाळी सुरमीची होती. फासेपारध्यांतल्या काळ्यांची पोर, नवरा गेलेला, दोन लेकरांची चूल त्या भत्त्यावरच पेटायची.

गावाबाहेर दस्तगीरबाबा फकिराच्या तकियात, त्याच्या मठीत, ती राहायची. तेच साहेबाला खटकत होतं. हा फकीर हिची बाजू का घेतो? ह्याचाही वाटा तर नसेल? समोर आलेला चहासुद्धा त्यानं आधी हुंगला, मग बाजूला सारला.

"शिवणाचा वर्ग एकच, प्रमाणपत्र एकच. वरच्या आळीतल्या बायका आठवड्यात कामाला लागल्या. आणि ही म्हणे अकरा ठिकाणी जाऊन आली! शेंडी कुणाला लावतेय?"

"देवाशप्पथ गेले होते साहेब." सुरमीला रडू येत होतं. "कापड बेतून दाखव म्हणतात, दाखवते. खूश होतात. मग नाव विचारतात."

"मग?"

"सुरमी काळे म्हटलं, की म्हणतात... कोणते काळे?"

"हात्तिच्या! एवढंच?" साहेब हसला. "अगं, हे तर मलाही विचारतात. नोकरीला लागलो तेव्हा विचारलं, भाड्यानं घर घेतलं तेव्हा विचारलं. त्यात कसला आलाय अडथळा?"

बाबांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"मग तुम्ही काय सांगता?"

"काय सांगायचं! सांगतो, घाबरू नका, आम्ही त्यातले काळे नव्हे."

...

बोलून गेला आणि त्याचे कान तापले. यादीतल्या सुरमीच्या नावावर टेकवलेलं पेन काही पुढे सरकेना. लाज वाटली त्याला, चांगलीच वाटली. पण संशयी माणूस तो, लाजेतही डाव शोधणार.

"मुद्दाम वदवून घेतलंत माझ्याकडून," तो पुटपुटला.

बाबांनी त्याच्या हातातलं पेन अलगद काढून घेतलं, टोपण लावलं आणि परत त्याच्याच खिशाला अडकवलं.

मग ते सुरमीकडे वळले.

"उद्या बाराव्या ठिकाणी जाशील ना पोरी? साहेबांचं उत्तर पाठ करून जा. त्या उत्तरावर काम मिळतं."