अभिराजनं भरलेलं तेल

"...म्हणजे आठवण जपणं ही चूक आहे, असं म्हणता का आक्का?"

इंद्रजित सरनोबत मठाच्या पायरीवर बसले होते. समोर नीलाक्का तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"मी कुठं काय म्हटलं? मी अजून बोललेच न्हाई."

ते खरं होतं. आल्यापासून सरनोबत एकटेच बोलत होते.

हेरवाडीच्या टेकडीवरचा हा मठ लहानसा. गुरूंच्या माघारी तो नीलाक्कांनी सांभाळला. त्या प्रवचन करत नसत, गंडेदोरे देत नसत. तरी लोक येत. कुणी काही विचारत, कुणी नुसते बसून जात.

सरनोबत विचारायला आले होते, पण उत्तर घरूनच घेऊन आले होते.

जुन्या मोटारसायकलींच्या दुनियेत त्यांचं नाव मोठं. लोक पार इंदूरहून, बंगळुरूहून बंद पडलेली इंजिनं त्यांच्याकडे पाठवत. सरनोबतांनी हात लावला की मेलेलं इंजिन बोलतं, असं म्हणत. हे वाक्य ते स्वतःही सांगत.

अंगणात त्यांची बुलेट उभी होती. त्यांच्या वडिलांची, साठच्या दशकातली. गंजून पडलेली ती गाडी त्यांनी आणि त्यांच्या मुलानं, अभिराजनं, मिळून पुन्हा उभी केली होती. काम पुरं झालं त्या दिवशी इंजिनात तेल अभिराजनं भरलं.

पुढच्याच महिन्यात तो तापानं गेला. कॉलेजात शिकत होता.

या गोष्टीला वर्षं लोटली. दर रविवारी सरनोबत गाडी बाहेर काढत, गावाबाहेर फेरी मारत, पुसून झाकून ठेवत. सगळं वेळेवर करत. फक्त तेल बदलत नसत. ते अभिराजच्या हातचं होतं.

परवा धाकट्या शर्वरीनं किल्ली मागितली. "बाबा, दादाची गाडी मला शिकवा ना."

सरनोबत असे ओरडले की ती ताटावरून उठून गेली. नंतर बायको एवढंच म्हणाली, "आक्कांकडे जाऊन या."

...

नीलाक्कांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"तेल काय करतं रं आत?"

सरनोबत सरसावून बसले. हा प्रश्न त्यांच्या घरचा होता.

"लोकांना वाटतं, इंजिन नुसतं गुळगुळीत फिरावं म्हणून तेल असतं. तसं नाही आक्का. ते आतली उष्णता ओढून घेतं. लोखंडाला लोखंडावर घासू देत नाही. सगळी काजळी, सगळी घाण स्वतःत घेतं. म्हणून तर काळं पडतं. काळं पडणं हेच त्याचं काम."

"अन् मग?"

"मग ते... बदलायचं."

"न्हाई बदललं तर?"

सरनोबतांनी गाडीकडे पाहिलं.

"दुसऱ्या कुणी तुझ्याकडं अशी गाडी आणली असती तर?" आक्कांनी विचारलं.

"मालकाला झापलं असतं."

"काय म्हणून?"

"म्हटलं असतं, जीव लावता म्हणता तिला, आणि आतून मारताय..."

वाक्य पुरं व्हायच्या आत ते थांबले. मग एकदम आवाज चढवून म्हणाले, "पण हे तेल वेगळं आहे! ते माझ्या पोरानं ओतलंय. ते काढून टाकलं तर त्याचं काय उरलं त्या गाडीत?"

आक्का गुडघ्यावर हात टेकत उठल्या.

"दाव मला."

सरनोबतांनी इंजिनाच्या बाजूची तेल मोजायची पट्टी फिरवून बाहेर ओढली. तिच्या टोकाला काळा थेंब लोंबत होता.

"बोटावर घे."

त्यांनी घेतला.

"चोळ."

लोकांच्या इंजिनांतलं तेल त्यांनी आयुष्यभर असं दोन बोटांत चोळून पाहिलं होतं. या गाडीचं कधी पाहिलं नव्हतं.

त्यांची बोटं थांबली.

"काय लागतंय?"

"कचकच."

"कशाची?"

त्यांनी बोट उन्हात धरलं. काळ्यात बारीक काहीतरी चमकलं.

"धातूची, आक्का. आतले भाग झिजतायत."

"पोरानं ओतलं तवा व्हती ही कचकच?"

"छे. मधासारखं होतं तेल. आरपार दिसायचं."

"मग आता ह्यात त्याचं किती, अन् तुझं किती?"

...

सरनोबत बोट तसंच उन्हात धरून उभे होते. आक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. गोठ्यातली गाय मान हलवत होती, तिच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती.

"गाडी गरम हाय का अजून?"

"आहे." आणि मग, आपल्याशीच बोलावं तसं, "गरम असतानाच काढावं लागतं. थंड झालं की गाळ खाली बसतो. मग तो निघत नाही."

आक्का आत गेल्या आणि एक जुनं घमेलं घेऊन आल्या. काही न बोलता ते त्यांनी गाडीशेजारी ठेवलं.

सरनोबतांनी बाजूची पेटी उघडली. आत पान्हे होते आणि नव्या तेलाचा एक डबा. झाकण अजून फोडलेलं नव्हतं.

"तेल तर घेऊनच हिंडतोस की."

"दिवाळीला घेतलं होतं... दर रविवारी वाटायचं, आज बदलू."

ते खाली बसले. इंजिनाच्या बुडाशी असलेल्या बोल्टला पान्हा लावला. बोल्ट हलेना. भलभलती गंजलेली इंजिनं उघडणारा हात आज नीट जोर लावत नव्हता. त्यांनी पान्हा काढला, पुन्हा लावला, डोळे मिटले आणि ओढला.

तेलाची काळी धार घमेल्यात पडली. वाफाळती, जाड. मग ती बारीक झाली. मग थेंब.

एरवी तेल निथळेपर्यंत ते चहाला जात. आज शेवटचा थेंब पडेपर्यंत गाडीखालीच वाकून बसले. खांदे हलत होते. आक्का पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

बोल्ट बसवून त्यांनी नवं तेल ओतलं. मग उभे राहून किक मारली. इंजिन धपधपलं, स्थिरावलं. मान तिरकी करून ते ऐकत राहिले.

"काय म्हणतीया?"

"वाचली," सरनोबत म्हणाले. "आणखी वर्षभर असंच चाललं असतं तर उघडावीच लागली असती."

त्यांनी गाडी बंद केली. घमेल्याकडे पाहत घुटमळले.

"आक्का, एखादी बाटली मिळेल? यातलं थोडंसं... घरी नेतो."

"ने की. पर आधी माझं एक काम कर. गोठ्याच्या खांबांना वाळवी लागलीया. तेवढं लाव त्यास्नी."

"हे? हे तेल?"

"गावात समदी हेच लावत्यात. जळकं तेल लावलं की वाळवी फिरकत न्हाई."

सरनोबतांचा चेहरा पडला. पण आक्कांनी चिंधी पुढे केली होती, आणि ती नाकारणं त्यांना जमलं नाही.

पहिल्या खांबाला त्यांनी अगदी जपून, टिपूस टिपूस तेल लावलं. दुसऱ्याला जरा मोकळ्या हातानं. पुढे मात्र त्यांच्यातला कारागीर जागा झाला. बुंध्याशी माती उकरून खालपर्यंत लावलं, भेगांत चिंधी दाबून भरलं, तुळईची सांधही सोडली नाही. लाकूड तेल पीत होतं. गाय त्यांच्या पाठीला नाक लावून वास घेत होती. तिला ते "सरक, बाई" म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा होता.

काम संपलं तेव्हा घमेलंही पुसून कोरडं झालं होतं.

बाटलीची आठवण त्यांना झाली असावी. ते क्षणभर घमेल्यात पाहत राहिले. मग त्यांनी ते भिंतीला उभं करून ठेवलं आणि खिशातून फोन काढला.

"शर्वरीला दे," ते बायकोला म्हणाले.

पलीकडे फोन शर्वरीच्या हातात गेला.

"ऐक... रविवारी सकाळी तयार राहा. बूट घालून ये, चपला नकोत. आणि या गाडीचा गिअर उजव्या पायाला आहे. ब्रेक डाव्या. सुरुवातीला घोटाळा होईल, होऊ दे." ते थांबले. "हो. त्याचाही व्हायचा."

...

दुपारी मठात आलेली मंडळी जेवायला बसली. जोंधळ्याची भाकरी, आमटी, खर्डा.

सरनोबतांनी साबणानं हात धुतले, मग राखेनं घासले, मग पुन्हा साबणानं. नखांतली आणि रेषांतली काजळी जात नव्हती. पत्रावळीपुढे ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"का रं, जेवत न्हाईस?"

"हात काळे आहेत आक्का. अशा हातांनी प्रसाद कसा घेऊ?"

आक्कांनी वाकून ते हात पाहिले. उलटे केले, सुलटे केले. मग त्यांत गरम भाकरी ठेवली.

"त्याचं हात बी असंच असायचं न्हवं? ...जेव."