मागून रंग घेणारा कुंचला

नदीकाठच्या एका छोट्याशा गावात मुकू नावाचा मुलगा राहायचा, आणि त्याच्याकडे रंग नव्हते. सहावीच्या वर्गात कुणाकडे खडूचे रंग होते, कुणाकडे बाटल्यांतले पोस्टर कलर. मुकूकडे होता पेन्सिलीचा एक तुकडा, इतका इवलासा की चिमटीत धरला की दिसायचाच नाही. त्याची आई शिंप्याकडून कपडे आणून घरी काजं-बटणं करायची आणि त्यावर दोघांचं कसंबसं भागायचं.

आधी घरात तिघं होती. मुकूला कुंदाताई होती. ती विटकरीच्या तुकड्यानं अंगणात घोडे काढायची आणि म्हणायची, आयाळ तू काढ, तुला छान जमते. उन्हाळ्यात ताईला ताप आला आणि तो काही केल्या उतरला नाही. त्यानंतर अंगणात कुणी घोडा काढला नाही.

चित्रकलेच्या तासाला मुकू सगळ्यांना मगांतून पाणी आणून द्यायचा. पोरं त्याला पाणीवाला म्हणायची. तो हसायचा आणि तास संपला की ब्रश धुतलेलं पाणी घेऊन बाहेर जायचा. नळाजवळ गुलबक्षीचं एक झाड होतं, अगदी मान टाकलेलं. मुकू ते पाणी गटारात न ओतता त्या झाडाला घालायचा. कधी जांभळट पाणी, कधी हिरवट, कधी सगळे रंग मिसळून चहासारखं झालेलं.

एके दिवशी बाईंनी सांगितलं, की वर्गाची मागची भिंत फार दिवस ओकीबोकी आहे, तर सोमवारी प्रत्येकानं आपल्या घरच्या एका माणसाचं चित्र करून आणायचं. रंगवा, कागद चिकटवा, लोकर लावा, डाळी लावा, चिंध्या लावा, काहीही चालेल. शेजारच्या बाकावरची अल्फिया उदार मनाची. तिनं आपल्या कार्डशीटचा अर्धा भाग मुकूला दिला.

मुकूला ताईचं चित्र करायचं होतं. तिचा एकही फोटो घरात नव्हता. आणि मुकूला एक भीती वाटायची, ती त्यानं आईलाही सांगितली नव्हती. हल्ली डोळे मिटले की ताई आधीसारखी लख्ख दिसत नव्हती. चित्र झालं नाही तर ती हळूहळू पुसून जाईल, असं त्याला वाटायचं.

त्या संध्याकाळी सगळे घरी गेले तरी तो नळापाशीच बसून राहिला. ऊन मऊ पिवळं झालं आणि गुलबक्षीच्या कळ्या एकेक करून उमलू लागल्या. एक गुलाबी, एक केशरी, एक पांढरी, आणि तिच्यावर लाल लाल शिंतोडे. सगळ्यांत मोठ्या फुलातून करंगळीएवढी एक परी बाहेर आली. तिच्या घागऱ्यावर इतके रंग होते की मोजायला गेलं की ते जागा बदलायचे, आणि पंख कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ, चमचम करणारे.

"मी रंगुली," ती म्हणाली. "तू पाणी घातलंस म्हणून माझा घागरा रंगला. माग राजा, काय हवं ते."

"माझी ताई परत आण," मुकू चटकन म्हणून गेला.

परीचे पंख मिटले. ती हळूच म्हणाली, "तेवढं मला येत नाही रे. मला फक्त रंगांचं काही येतं."

तिनं घागऱ्यातून एक कुंचला काढला, गवताच्या काडीएवढा. मुकूच्या हातात येताच तो मोठा झाला. परीनं सांगितलं, हा ज्याला टेकवशील त्याचा रंग याच्यावर येईल. पण आधी विचारायचं. विचारून घेतलास, तर देणाऱ्याचं काही कमी होणार नाही. न विचारता घेतलास, तर त्याचा सगळा रंग निघून येईल आणि ते पांढरंफटक पडेल. तसं झालं तर रंग परत देता येईल, पण मग कुंचल्यातली जादू संपेल. आणि घेतल्यावर आभार मानायला विसरायचं नाही.

रविवारी मुकू रंग गोळा करायला निघाला. परड्यातल्या मिरचीकडे त्यानं ताईच्या बांगड्यांसाठी लाल मागितला. तिनं दिला आणि वर सांगितलं, डोळ्यांना हात लावू नकोस. ताईचे केस काळेभोर, म्हणून तो कुंपणावरच्या कावळ्याकडे गेला. कावळ्याला आधी खरंच वाटेना. आजवर सगळे मला हाकलतच आले, माझ्याकडे कुणी काही मागेल असं वाटलं नव्हतं, असं म्हणून त्यानं पंखाखालचा अगदी आतला, निळसर काळा काढून दिला. दारातल्या माठानं ताईच्या हातांचा सावळा, गार रंग दिला. प्रत्येकाचे मुकूनं वाकून आभार मानले, आणि प्रत्येक वेळी कुंचल्याच्या टोकावर एक चांदणी चमकली.

आता राहिला फ्रॉक. ताईचा मोरपिशी फ्रॉक. तो पेटीत तळाशी होता आणि रोज दिवेलागणीला आई तो मांडीवर घेऊन बसायची. आई शिंप्याकडे कपडे द्यायला गेली होती. थोडं थांबला असता तर आली असती. पण चित्रातली ताई इतकी खरी दिसत होती, फ्रॉकापुरतीच अडली होती, की मुकूला धीर धरवला नाही. त्यानं पेटी उघडली आणि कुंचला टेकवला.

सर्रकन सगळा रंग निघून आला. चित्रातला फ्रॉक झगमगू लागला आणि पेटीतला फ्रॉक भातासारखा पांढरा झाला.

आई आली, पेटीपाशी बसली. तिनं फ्रॉक उलटा करून पाहिला, मग सुलटा करून पाहिला. "मुकू, याचा रंग कुठं गेला रे?"

मुकूनं चित्र तिच्यापुढं ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. आई रागावली नाही. चित्राकडे बघत राहिली. म्हणाली, अगदी तीच रे, हसली की मान अशीच कलती करायची. असू दे तुझ्याकडे. पण तिचा हात मात्र त्या पांढऱ्या कापडावरून फिरत होता, अंधारात काहीतरी चाचपडावं तसा.

मुकूला ते बघवेना. त्यानं कुंचला चित्रातल्या फ्रॉकवर टेकवला आणि मग पेटीतल्या फ्रॉकवर. "चुकलो," तो म्हणाला. "हा तुम्हा दोघींचा."

मोरपिशी रंग पाण्यासारखा कापडभर पसरला. कुंचला पुन्हा गवताची काडी झाला. आणि चित्रात ताईच्या अंगावर उरला कोरा कागद, फ्रॉकच्या आकाराचा. उद्या सोमवार होता.

आईनं फ्रॉक छातीशी धरला. मग तिनं चित्र पाहिलं, आणि काय आठवलं कोण जाणे, फ्रॉकचा घेर उलटला. आतल्या बाजूला चांगली चार बोटं कापड दुमडून शिवलेलं होतं.

"अंगानं वाढेल, मग उसवून लांब करू, म्हणून ठेवलं होतं," आई म्हणाली.

त्या दुमडीला ऊन लागलं नव्हतं की धुण्याचा दगड. ती बाहेरच्या कापडापेक्षाही ताजी होती, नव्या मोरपिसासारखी. मुकूनं हात पुढं केला नाही. आधी विचारलं, "आई, यातलं थोडं देशील?"

आईनं डोळे पुसले, सुईच्या टोकानं शिवण उसवली आणि पट्टी कापून दिली. कणकेची खळ शिजवून दोघांनी मिळून ती चित्रावर चिकटवली, पण फक्त कमरेपाशी. खालचा घेर मोकळा सोडला. कापड तंतोतंत पुरलं.

सोमवारी भिंत भरून गेली. लोकरीच्या मिशांचे आजोबा, मसूरडाळीच्या साडीतली आत्या, बटणांच्या डोळ्यांचा धाकटा भाऊ. त्यांच्या मधोमध ताई होती. पोरं तिच्यापुढं थबकली. हा फ्रॉक खरा आहे का, असं अल्फियानं विचारलं.

"खरा आहे," मुकू म्हणाला. "ही माझी ताई. कुंदा."

शाळा सुटल्यावर तो एकटाच मागं थांबला. त्यानं आभार मानत मिरचीचं नाव घेतलं, कावळ्याचं, माठाचं, अल्फियाचं घेतलं. सगळ्यांत शेवटी आईचं. त्याला मागं खिडकीत कुणीतरी हलकेच हसल्याचा भास झाला. रंगुली गजावर बसली होती.

"तू माझं नाव घेतलं नाहीस," ती म्हणाली.

"तुझे आभार तुझ्यासमोरच मानायचे होते," मुकू म्हणाला. त्यानं हात जोडले.

परीनं पंख उघडले. आधी केशरी, मग गुलाबी, मग सगळ्या रंगांचा उजेड वर्गात शिरला, बाकांवरून वाहिला, भिंतीवर चढला. मुकूचे डोळे दिपले. गजावर कुणी नव्हतं. वारा नव्हता, वरचा पंखाही बंद होता. तरी ताईच्या फ्रॉकचा घेर हलला, पुन्हा हलला. अंगणात धावायला निघालेल्या मुलीचा हलतो ना, अगदी तसा.