शेंड्यावरचा वानर

फार मागे, तुमच्या पणज्याच्या पणज्याला दात फुटायच्याही आधी, एका रानात एकच पाणवठा उरला होता. ऊन असं, की सावलीलाही घाम यावा. हसू नका, पुढं वाघ आहे.

त्या रानात चितळांचा आणि वानरांचा एक ठराव होता. वानरानं शेंड्यावर बसायचं आणि दिसेल ते सांगायचं. जायचं की थांबायचं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

त्या दुपारी शेंड्यावर एक तरणा वानर होता. जीभ तुमच्या मेहुण्यासारखी, सव्वा हात.

खाली चितळांचा कळप उभा होता. एका चितळीचं पाडस तहानेनं पाय टाकेना.

"काय दिसतं रे, वानरा?" तिनं विचारलं.

दिसत होतं ते असं : पाण्याच्या डाव्या अंगाला गवत दबलेलं. वारा नव्हता, तरी ते हलत होतं. आणि गवतात दोन कान.

वाघच तो, वानरानं ओळखलं. पण घसा त्याच्याही टोळीचा कोरडा होता. त्याच्या मनात आलं, आधी चितळं जाऊ देत. वाघाचं पोट भरेल, मग आपण निवांत पिऊ.

"मावशे, दिसतं काय म्हणून विचारतेस?" तो वरून गरजला. "पोराकडं बघ की! त्याला असं तडफडू देणारी आई कसली? भिऊन कुणाची तहान भागलीय? पाणी नितळ आहे, गार आहे. आज नाही प्यालीस, तर उद्या चिखल चाटशील!"

एक शब्द खोटा नव्हता. म्हणून तर अंगावर काटा येतो.

चितळीनं एक पाऊल टाकलं. मग थबकली.

"मी काय करावं ते सांगतोस तू. मी विचारलं, दिसतं काय?"

वानर दुसरीकडं बघत फांदी खरवडू लागला.

तेवढ्यात मागच्या फांदीवरून एक म्हातारी वानरीण उतरली आणि थेट पाण्याकडं निघाली. वानराची आई! तिच्या फांदीवरून गवत दिसत नव्हतं. भाषण तेवढं ऐकू आलं होतं.

"माझं लेकरू काय बोलतं गं!" ती चितळीला म्हणाली. "मला तर बाई पटलं."

ती पाण्यावर वाकली. गवत हलायचं थांबलं.

"आई!" वानर किंचाळला. "डावीकडं! गवतात! वाघ!"

म्हातारी उडाली. वाघही उडाला. त्याच्या पंजात अर्धं शेपूट राहिलं, म्हातारी झाडावर पोचली. तिनं आधी लेकाच्या थोबाडीत दिली, मग रडली.

सगळ्यांनी पाहिल्यावर वाघ कशाला थांबतोय? गुरगुरत डोंगरात गेला. दिवस कलताना पाडस पोटभर प्यालं. वानराला मात्र शेंडा पुन्हा मिळाला नाही. तो 'पाऊस आला' म्हणाला, तरी चितळं आधी आभाळाकडं बघायची.

मास्तर शाळेत सांगायचे, माहितीचा निबंध वेगळा आणि मत पटवायचा वेगळा. छडीनं मला ते कळलं नाही, या वानरानं कळलं.

तात्पर्य : विचारलं तर दिसलेलं सगळं सांगावं, पटवायचं असेल तर पटवतोय असं सांगून पटवावं, पण वाघ लपवून नव्हे.