बाईचा पूल

तांबडी नदीवरचा पूल वत्सला टिपणीस या संस्थानातल्या पहिल्या बाई इंजिनिअरनं बांधला. पूर्वी पावसाळ्यात पैलतीरावरच्या बाळंतपणात अडलेल्या बायकांना नावेतून अलीकडच्या दवाखान्यात आणावं लागे. वत्सलेची थोरली बहीण तशी नावेतच दगावली होती.

उद्घाटनाला दिवाण रावबहादूर निंबकर आपल्या म्हाताऱ्या आईसाहेबांना घेऊन आले. पण पुलाच्या तोंडाशीच त्यांनी मोटार थांबवली.

"बाईच्या हिशेबावर मी जीव सोपवायचा? पुन्हा तपासणी होईपर्यंत पूल बंद!"

पैलतीरावर जमलेल्या माणसांचे चेहरे उतरले. वत्सला हात जोडून शांतपणे म्हणाली, "साहेब, जन्माआधीचे नऊ महिने आपला जीव एका बाईवरच सोपवलेला होता. तेव्हा कुठे आपण तपासणी मागितली?"

मोटारीतून खुदकन हसू ऐकू आलं. आईसाहेब काठी टेकत खाली उतरल्या आणि वत्सलेला म्हणाल्या, "चल पोरी, हात दे."

दोघी पुलावर चालू लागल्या. थोडं पुढं जाऊन आईसाहेबांनी मागं वळून पाहिलं.

"बाळू, भीती वाटते का रे? ये, माझा हात धर."

रावबहादूर पुलावर आले आणि त्यांनी आईचा दुसरा हात धरला. पूल त्याच दिवशी सुरू झाला.